घरचा प्रिंटर: दुरुस्ती की नवी खरेदी?

तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०५ साली देवनागरी छापखाना उभारला आणि पुढल्याच वर्षी तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. खिळ्यांच्या छपाईत एखादा खिळा झिजला, तर तेवढाच बदलता येई.

आज त्याच गावातील एका मराठी घरी मंडळी प्रिंटरपुढे चिंतातुर बसली होती. नात शाळेत तमिळ नि इंग्रजी शिकते; आजी सांगतील ती गाणी या प्रिंटरवर छापून ती देवनागरी गिरवते. आता अक्षरांवर पांढऱ्या रेघा उमटू लागल्या होत्या.

शाईच्या प्रिंटरमध्ये केसाहून बारीक छिद्रांतून शाई उडते. यंत्र बराच काळ बंद राहिले की ती तेथेच वाळते. प्रथम चाचणीचे पान काढावे. रेघा तुटक दिसल्यास यंत्रातील सफाई दोनतीनदा चालवावी, अधिक नको. तीत शाई फार वाया जाते.

एवढ्याने भागले नाही, तर छिद्रांची पट्टी कोठे आहे ते पाहावे. ती शाईच्या डबीवर असेल, तर नवी डबी पुरते. यंत्रातच असेल, तर आधी तिची किंमत विचारावी. ती नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून अधिक भरली, तर माझ्या मते नवाच घ्यावा. जुना मात्र साध्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरही येतो.

या घरी पट्टी डबीवरच निघाली. संध्याकाळी आजींचे गाणे स्वच्छ उमटले आणि नातीने त्यातला ‘ळ’ गिरवायला घेतला.