फुटायचं तिथेच फुटावं

पेंटबॉल म्हणजे जिलेटिनचं पातळ कवच आणि आत धुतल्यावर निघून जाणारा रंग. औषधाच्या मऊ कॅप्सूल बनतात त्याच तंत्राने तोही बनतो. व्यास 0.68 इंच, वजन जेमतेम 3 ग्रॅम. समोरच्याच्या जॅकेटवर आपटला की तो फुटलाच पाहिजे, आणि त्याआधी बंदुकीत मात्र फुटता कामा नये. स्वतःचा इलेक्ट्रॉनिक मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, घडवायला बसलेल्या माणसाची निम्मी डोकेदुखी या दोन अटींतच असते.

हे हत्यार मुळात खेळासाठी नव्हतंच. तोडायच्या झाडांवर लांबूनच खूण करता यावी म्हणून अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने डेझी या एअरगनवाल्यांकडून ‘नेलस्पॉट 007’ हे पिस्तूल बनवून घेतलं. 27 जून 1981 रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जणांनी तेच घेऊन झेंडे पळवण्याचा डाव मांडला. जिंकला रिची व्हाइट, पेशाने वनकर्मी. आणि गंमत म्हणजे त्याने एकही गोळी झाडली नाही! नव्वदच्या दशकात ऑटोमॅग आणि ऑटोकॉकर हे मार्कर गाजले, 1996 मध्ये स्मार्ट पार्ट्स कंपनीचा ‘शॉकर’ आला, मागोमाग इंग्लंडमधून ‘एंजल’, आणि ट्रिगरमागे घोड्याऐवजी सर्किट बसलं.

आधी थोडं गणित. गोळीचा वेग सुरक्षिततेसाठी सेकंदाला 300 फुटांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत ठेवतात. 30 सेंटिमीटरच्या बॅरलमध्ये 3 ग्रॅमच्या गोळीला तिथवर न्यायचं, तर घर्षण सोडून सरासरी 41 न्यूटन बळ लागतं. गोळीच्या आडव्या छेदावर ते वाटलं की दाब निघतो सुमारे 25 पीएसआय. गाडीच्या टायरात आपण तीस-बत्तीस हवा भरतो, त्याहूनही कमी! हा सगळा प्रवास उरकतो 7 मिलिसेकंदांच्या आत. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाहीच. मोजून-मापून, धक्का न देता हवा सोडण्याचा आहे.

ती हवा येते मात्र 3000 किंवा 4500 पीएसआयच्या बाटलीतून. बाटलीवरचा रेग्युलेटर ती 800 च्या आसपास आणतो, मार्करचा स्वतःचा रेग्युलेटर आणखी खाली, दोनशेच्या आगेमागे. कार्बन डायऑक्साइड स्वस्त खरा, पण त्याचा द्रव आत शिरला की थंडीने सील आखडतात आणि सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेची, वाट लागते. बाटली आणि तिचा रेग्युलेटर घरी बनवायची हौस कोणीही करू नये. ते प्रमाणित, चाचणीची मुदत न उलटलेलेच घ्यावेत.

हौशी लोक आतली रचना बहुधा स्पूल व्हॉल्व्हची निवडतात. पॉपेटच्या रचनेत हातोडीसारखा भाग व्हॉल्व्हवर आदळतो. स्पूलमध्ये बोल्टच पुढे सरकतो, गोळीला हळूच ढकलतो आणि सरकता सरकता हवेचा रस्ता उघडतो. हवा जरा जास्त खातो, पण गोळीला सांभाळतो. बॉडी 6061 अॅल्युमिनियमची, मिलिंग करून काढलेली. खरी परीक्षा ओ-रिंगच्या खाचांची: खाच उथळ झाली तर बोल्ट अडखळतो, खोल झाली तर हवा फुसफुसते.

सर्किट त्यामानाने सोपं. मायक्रोकंट्रोलर मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो, मॉसफेट सोलेनॉइडला वीज देतो. कॉइलला उलटा डायोड जोडायला विसरलात, तर वीज तोडताच उसळणारा व्होल्टेज मॉसफेटला जाळतो. सोलेनॉइड किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, याला ‘ड्वेल’ म्हणतात. तो कमी पडला की गोळी रडतखडत जाते, जास्त झाला की हवा वाया.

इलेक्ट्रॉनिक्सने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे ‘डोळे’. जिथे गोळी हॉपरमधून, म्हणजे गोळ्यांच्या डब्यातून, उतरते, तिथे एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर सेन्सर. गोळी पूर्ण खाली बसून किरण अडला तरच बोल्ट सुटतो. हे नसेल तर अर्धवट उतरलेली गोळी बोल्टखाली चिरडते आणि आतून रंग पुसत बसावं लागतं. डोळ्यावरच रंग उडाला तर? मग कंट्रोलरला गोळी कायमच बसलेली दिसते. म्हणून प्रत्येक फैरीनंतर किरण एकदा मोकळा झाला का, हेही प्रोग्रॅमने तपासायला हवं.

ट्रिगरचा स्विच एकदा दाबला तरी संपर्क काही क्षण थरथरतो आणि कंट्रोलरला ती दोन-तीन दाबणी वाटतात. ‘डिबाउन्स’ लावून हे आवरतात. काहींनी मुद्दाम आवरलं नाही. उलट बोट मंदावलं तरी स्वतःहून गोळ्या वाढवणारं ‘रॅम्पिंग’ लिहिलं. मला ते खेळ बिघडवणारं वाटतं. स्पर्धांनाही अखेर दर सेकंदाच्या गोळ्यांवर मर्यादा घालावी लागली. पेटंटांवरून स्मार्ट पार्ट्सने प्रतिस्पर्ध्यांशी केलेले कोर्टकज्जे हा वेगळाच अध्याय. 2010 मध्ये ती कंपनीच बंद झाली.

मार्कर तयार झाला की गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर धरायचा, अर्थात डोळ्यांवर मास्क चढवूनच. लागोपाठच्या गोळ्यांत वेग घसरत गेला, तर रेग्युलेटर पुरेशा वेगाने भरत नाही. थोडं थांबून झाडलेली पहिली गोळी जास्त वेगाने गेली, तर रेग्युलेटरचं सील दाब धरत नाही. आणि पहिलीच मंद गेली, तर ओ-रिंग बसल्या जागी चिकटते आहे. यावर पहिल्या फैरीपुरता ड्वेल एक-दोन मिलिसेकंद वाढवून देण्याची युक्ती बरेच जण करतात. जुनी खोडं मात्र बोर्डाला हात न लावता बोल्ट बाहेर काढतात, पुसतात आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवतात.