कडकनाथ, गावरान की ब्रॉयलर : ताकद नक्की कशात जास्त?

मोडनिंब : पुणे-सोलापूर हायवेवरच्या ढाब्यांवर 'गावरान' आणि 'कडकनाथ' अशा पाट्या लागलेल्या दिसतात. भाव ब्रॉयलरच्या कितीतरी पट. गिऱ्हाईक विचारतं, एवढे पैसे कशाचे? उत्तर ठरलेलं, "ताकद असते ओ त्यात." ही ताकद जरा मोजून बघू.

आधी प्रोटीन. कडकनाथच्या जाहिरातीत २५ टक्के प्रोटीन आणि ब्रॉयलरचं १८ ते २० असं छापलेलं असतं. पण ब्रॉयलरच्या नुसत्या छातीच्या मासात, कातडं काढून, २१ ते २३ टक्के प्रोटीन भरतं. तंगडीत कमी, कातड्यासकट आणखी कमी. म्हणजे छातीला छाती लावली तर शंभर ग्रॅममागे फरक उरतो दोन-चार ग्रॅमचा, साधारण अर्ध्या अंड्याएवढा. त्यातही कोंबडीचं वय आणि खाद्य आलंच. ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलोची होते, मास कोवळं. कडकनाथला किलो-सव्वा किलो व्हायला पाच महिने लागतात, हिंडून-फिरून मास घट्ट होतं, चरबी कमी राहते. गावरानचंही तसंच. चव वेगळी लागते ती यामुळं.

कोलेस्टेरॉलचा आकडा तर गमतीचा आहे. जाहिरातीत ब्रॉयलरचं २१८ मिलिग्रॅम दाखवतात आणि कडकनाथचं १८४. आहाराच्या साध्या तक्त्यात मात्र शंभर ग्रॅम कच्च्या चिकनला ६० ते ९० मिलिग्रॅमच असतं. आणि आपल्याकडं ब्रॉयलर सोलून शिजवतात, गावरान भाजून कातड्यासकट. चरबी कातड्याखाली असते, हे कुणी धरतच नाही.

काळ्या रंगाचं म्हणाल तर तो मेलॅनिन या रंगद्रव्याचा. कातडं, मास, हाडंसुद्धा काळी पडतात. रक्त लालच असतं आणि अंडं फिकट बदामी. काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर ती शुद्ध फसवणूक. काळं मास खाल्लं की रक्त वाढतं हेही खरं नाही. चिकनच्या मासात लोह थोडंच, शंभर ग्रॅमला एखादा मिलिग्रॅम. कलेजीत मात्र नऊच्या आसपास, तीही साध्या ब्रॉयलरच्या. बाळंतिणीला, वयात येणाऱ्या पोरीला लोह द्यायचं असेल तर कलेजी द्या, कितीतरी स्वस्त पडते.

अंड्याचंही तेच. कवचाचा रंग जातीवर, बलकाचा खाद्यावर. पिवळी मका, घास, हिरवा पाला खाल्ला की बलक केशरी, नुसत्या ज्वारीवर फिका. पण उन्हात हिंडणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ड जीवनसत्त्व जास्त असतं, एवढं गावरानला दिलंच पाहिजे. खाद्यात जवस असेल तर ओमेगा-३ वाढतं, मग कोंबडी गिरिराज असो, वनराज असो नाहीतर डीपी.

हे सगळं कोंबड्या पाळणाऱ्यानं आधी वाचावं असं मला वाटतं. कारण 'ताकदी'च्या याच जाहिरातीवर २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण घडलं. पिल्लं घ्या, खाद्य घ्या, अंडी-पक्षी आम्हीच उचलू, असा करार होता. उचल थांबली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे लाखो रुपये अडकले. कोंबडी तीच होती, गिऱ्हाईक नव्हतं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जात अस्सलच आहे. पण पाच महिने खाद्य घालून ती विकायची कुठं, हे आधी ढाबेवाल्याशी बोलून ठरवावं, कंपनीच्या कागदावर नव्हे.

दहा-वीस पाळायच्याच असतील तर एक ध्यानात ठेवा. कडकनाथची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अंडी उबवायला घरात एक-दोन गावरान कोंबड्या लागतात, नाहीतर मशीन.