अस्वलाची वेळ, माणसाची वेळ

पहाटे ५
पौषातली थंडी मी म्हणत असते. वेरुळात घृष्णेश्वराच्या वाटेवर फुलं-बेलवाल्यांची तेवढी लगबग. गाडीच्या डिकीत मोजपट्टी, कागदी पिशव्या, कॅमेऱ्याची कार्डं टाकून मी कन्नडच्या रस्त्याला लागते. लेणी बघायला येणाऱ्यांना सांगितलं की इथून पुढे कन्नडकडच्या डोंगरात अस्वल राहतं, तर ते आधी हसतात. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे पानगळीचं जंगल. पितळखोऱ्याची लेणीही याच डोंगरांत आहेत.

सकाळी ६:३०
चौकीवर वनमजूर मामा चहा ठेवतात. चांगलं उजाडल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम आणि तो मला शंभर टक्के पटतो. रात्रभर पोट भरून अस्वल पहाटे कपारीकडे परततं. आधी त्याला घरी पोचू द्यावं.

सकाळी ७:३०
"ताई, ही रातचीच घाण. अजून ओली आहे बघा." मामा काठीने दाखवतात. मी खाली बसते. बोरांच्या बियाच बिया, मधे मुंग्यांची चमकदार काळी डोकी. जागा लिहायची, फोटो काढायचा, नमुना पिशवीत. पुढे वाटेतच वारूळ फोडलेलं दिसतं. भोक हातभर खोल, भोवती भुसभुशीत ताजी माती, कडेला नखांचे सरळ ओरखडे. आपल्या अस्वलाला वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतात. त्या फटीला ओठांचा चंबू लावून ते आधी धूळ फुंकतं, मग वाळवी ओढून घेतं. तेव्हा होणारा आवाज शांत जंगलात शंभर पावलांवरूनही ऐकू येतो.

हा तपशील माझ्या कामाच्या मुळाशी आहे. डोकं वारुळात, कानात स्वतःचाच आवाज, नजर मुळात अधू. अशा वेळी माणूस अगदी जवळ येईस्तोवर त्याला पत्ता लागत नाही. आणि दचकलेलं अस्वल पळण्याऐवजी बऱ्याचदा चालून येतं. वाघाच्या शेजारात हजारो वर्षं काढलेल्या, पिल्लं पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या जनावराला समोरच्यावर तुटून पडणं हाच बचाव ठाऊक, असं अभ्यासक मानतात. पुढच्या पायांची नखं बोटाएवढी लांब. जखमा होतात त्या डोक्याला आणि चेहऱ्याला.

सकाळी १०
कॅमेऱ्यांची कार्डं बदलायची. आम्ही मोठमोठ्याने बोलत, काठी आपटत चालतो. कपारींच्या बाजूचा कॅमेरा या महिन्यांत तसाच सोडतो. हिवाळ्यात मादी तिथे व्यालेली असू शकते, आणि एका कार्डापायी तिला छेडणं मला मान्य नाही.

दुपारी १
जंगलाच्या कडेचं गाव. ओट्यावर मावशी भाकरी वाढून घ्यायला लावतात, मग वही निघते. त्यांचं माहेर मोताळ्याकडचं, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याजवळचं. तिथे माणूस आणि अस्वल यांची गाठ जास्त पडते. माहेरच्या शेजाऱ्याचं सांगताना त्या पदर कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवतात. इथून तिथवर टाके होते. मी विचारते, किती वाजता? हातात काय होतं? बरोबर कोण होतं? "रातच्याला. लाइट रातचीच यायची ना. हरभऱ्याला पाणी द्यायला एकलाच गेला." माझ्या प्रश्नावलीतली सगळ्यांत मोलाचा रकाना वेळेचा आहे.

मावशींच्या सासूबाईंच्या आठवणीतलं अस्वल वेगळं. दरवेशी अस्वलाचा खेळ घेऊन यायचा, अस्वलाचा केस ताईतात घालून पोराच्या गळ्यात बांधायचे, म्हणजे पोर भीत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतरही तो खेळ पुढे कैक वर्षं चालला. नाकात वेसण घातलेलं ते जनावर पाहून या पिढीला अस्वल माहीत झालं. जंगलातलं कसं वागतं, हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

दुपारी ४
वेरूळ. नमुने चाळणीत धुवायचे, वाळवायचे, बिया वेगळ्या करायच्या. बोर, उंबर, बहावा, प्रत्येकाची पुडी निराळी. यावरून कोणत्या महिन्यात अस्वल कोणत्या झाडाखाली सापडेल ते कळतं, आणि त्याच झाडाखाली बाया-पोरं कधी जातात तेही जोडून बघता येतं.

संध्याकाळी ७
कॅमेऱ्याचे फोटो. मी जनावर नंतर बघते, कोपऱ्यातली वेळ आधी. अस्वल बहुतेक अंधारातलंच. मग त्याच वाटेवर, बॅटरी आणि खांद्यावर फावडं घेतलेला माणूस, तोही अंधारातच. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला निघालेला.

रात्री १०
रब्बीत कृषी पंपांना दिवस-रात्रीच्या पाळ्यांनी वीज मिळते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. माझं एवढंच मागणं आहे: गावांचा क्रम लावताना अभयारण्याच्या सीमेवरची गावं सर्वांत वर घ्या. तोवर, रात्री दारं धरायला जाणाऱ्या माझ्या भावांनो, एकटे जाऊ नका, बॅटरी चालू ठेवा आणि बांधावरून चालताना मोठ्याने बोला.