दर्याचं ठाणं कुठलं?

जून २०१५च्या अखेरीस रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला. लांबी ४२ फूट, वजन अंदाजे वीस टन, आणि लागला तेव्हा तो जिवंत होता. कोळी जमले, वनखात्याची माणसं आली, पोलीस आले. त्याला पाण्यात परत लोटण्याची खटपट झाली. पण पावसाळी समुद्रापुढे आणि एवढ्या धुडापुढे माणसाचं बळ पुरलं नाही. देवमासा मेला, आणि त्याला किनाऱ्यातच पुरावं लागलं.

कागदावर हा प्राणी वनखात्याचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पण वनखात्याचा जन्म डोंगरातला. ज्यांना भरती-ओहोटी कळते, ज्यांच्याकडे बोट आणि दोरखंड असतात, त्यांच्याकडे कायद्याचा अधिकार नाही. रायगडच्या किनाऱ्यावर पुढची दहा वर्षं जे जे घडलं, त्यात ही फट पुन्हा पुन्हा दिसते.

अमेरिकेत या कामाला स्वतंत्र खातं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गणवेशातल्या शिपायांना सरळ ‘पर्यावरण पोलीस’ म्हणतात. मासेमारीचे नियम, शिकारीचे परवाने, बोटींची सुरक्षितता, सगळं तेच बघतात. न्यूयॉर्क राज्याने तर १८८०मध्येच आठ शिकार-रक्षक नेमले होते आणि आजचे तिथले पर्यावरण पोलीस त्यांचेच वारस. रायगडात हीच कामं निदान सात खात्यांत वाटलेली आहेत. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, कासव आणि तिवरं वनखात्याकडे, प्रवासी बोटी मेरीटाईम बोर्डाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, खाडीतली वाळू तहसीलदाराकडे, गुन्हा सागरी पोलिसांकडे आणि खोल समुद्र तटरक्षक दलाकडे. तीनशे वर्षांपूर्वी कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय या पाण्यातून गलबत सुखाने जात नसे. तेव्हा दर्याचं ठाणं एकच होतं. अर्थात त्या ठाण्याला माशांची नव्हे, जकातीची काळजी होती.

आजच्या सागरी पोलिसांचा जन्मही माशांसाठी झालेला नाही. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीला हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चच्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. तेव्हा किनारा बेवारस होता असं नाही. कस्टम होतं, पोलीस होते. पैसे घेऊन माल सोडणारेही त्यांच्यातच निघाले आणि पुढे त्यांना शिक्षा झाली. गावोगावचं सागर रक्षक दल या जखमेतून उभं राहिलं. २६/११नंतर सागरी पोलीस ठाण्यांवर, स्पीडबोटींवर आणि ‘सागर कवच’सारख्या कवायतींवर जोर आला. म्हणजे किनाऱ्यावरची सगळी नजर बंदुकीच्या शोधात तयार झाली.

प्रत्यक्षात हाती काय लागलं? १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरजवळ एक निर्मनुष्य नौका आली, ‘लेडी हान’. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. राज्यभर नाकाबंदी झाली. मग कळलं की ती ऑस्ट्रेलियन मालकीची, ओमानजवळ बंद पडून सोडून दिलेली आणि पावसाळी प्रवाहाबरोबर वाहत आलेली. पुढच्या वर्षी, २०२३च्या ऑगस्टअखेर, श्रीवर्धनच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं लागू लागली. दोन्ही वेळा माल समुद्रानेच आणून टाकला. गस्तीने पकडला नाही.

म्हणून १४ मार्च २०२०ची सकाळ वेगळी ठरते. गेटवेहून मांडव्याकडे निघालेली प्रवासी बोट जेट्टी जवळ आली असताना पाणी शिरून कलंडली. मांडवा सागरी पोलीस ठाण्याचे प्रशांत घरत तेव्हा गस्तीच्या बोटीवर होते. त्यांनी बोट थेट तिकडे वळवली आणि ८८ जण जिवंत किनाऱ्याला आले. दुसऱ्याच दिवशी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, पाठोपाठ टाळेबंदी लागली आणि ही बातमी मागे पडली. सागरी पोलिसांवरचा खर्च एका सकाळी वसूल झाला असेल, तर तो त्या दिवशी. आणि तो दहशतवादी पकडून नव्हे, प्रवासी वाचवून.

चार वर्षांनी तसं नशीब नव्हतं. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची चाचणीवरची स्पीडबोट आदळली. परवाना ८४ प्रवासी आणि सहा खलाशांचा, बोटीत माणसं शंभरावर. पंधरा जणांचा जीव गेला. आजूबाजूच्या बोटी धावल्या म्हणून बाकीचे वाचले. त्यानंतर गेटवेवर लाईफ जॅकेटची सक्ती झाली. धडक नौदलाच्या बोटीची, हे खरं. पण जादा माणसं चढताना धक्क्यावर कुणी मोजली नाहीत, हेही तितकंच खरं. मोजणं हे कुणाच्या तरी कामात लिहिलेलं असणारच. घारापुरी उरण तालुक्यातली, म्हणजे रायगडातली. बोटी मात्र सुटतात मुंबईतून.

आता मासळी. हा या किनाऱ्याचा खरा रोजचा तंटा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा, आणि राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल. पर्ससीन जाळं माशांच्या थव्याभोवती गोल फिरवून तळाशी आवळतात, अख्खा थवा एका दमात वर येतो. फेब्रुवारी २०१६मध्ये सोमवंशी समितीच्या अहवालानंतर त्यावर निर्बंध आले. तोवर एलईडी आलं होतं. रात्री जनरेटरवर हजारो वॉटचे दिवे पाण्यावर सोडायचे. उजेडाला मासळी गोळा होते, लहान-मोठी सगळी, आणि मग जाळं. केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये देशाच्या आर्थिक क्षेत्रात याला बंदी घातली. पण दिवा विझवायला एक बटण पुरतं. गस्तीनौका दिसली की अंधार, गेली की उजेड.

उरण-अलिबागच्या डोलकराचं जाळं खुंटाला बांधलेलं. ते भरतीच्या ओढीवर भरतं, बोंबील-कोळंबी येईल तेव्हा येते. त्याला मासळीच्या मागे पळता येत नाही. म्हणून या भांडणात मत्स्य विभागाला खबर देणारा बहुधा तोच असतो. किनाऱ्यावर गस्तीनौका कित्येकदा भाड्याच्या. मूळ मासेमारी बोट, ती हाकणारा तांडेल कोळी, आणि त्यावर चढलेला परवाना अधिकारी. चोर, शिपाई आणि फिर्यादी एकाच बिरादरीतले, हे बाहेरच्याला विनोदी वाटेल. पण दर्या ओळखणारा दुसरा आणायचा कुठून?

२०२१च्या दुरुस्तीने कायद्याला दात आले. आधी खटले तहसीलदारापुढे चालत; ज्याच्या टेबलावर सातबारा आणि पीक पाहणीचे ढीग, त्याने जाळ्याची आस, म्हणजे भोकांचं माप, तपासायची! आता तो अधिकार मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याकडे आहे. एलईडीसाठी दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत, पर्ससीनसाठी एक ते सहा लाख. ९ जानेवारी २०२५पासून राज्यात नऊ ठिकाणांहून ड्रोन उडू लागले, त्यातली दोन ठिकाणं रायगडातली, रेवदंडा आणि श्रीवर्धन. ड्रोनला बोटीचा नंबर टिपता येतो, तो टिपल्यावर दिवा विझवून फार उपयोग नाही. बारा मैलांपलीकडे मात्र राज्याचा कायदा संपतो आणि दिवेवाल्यांना तो आकडा तोंडपाठ आहे.

पावसाळी बंदीचंही असंच. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. मासळीच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं एकाच नियमात. २६ जुलै २०२५ला करंजाची एक बोट तरीही बाहेर पडली आणि खांदेरीजवळ बुडाली. आठांपैकी पाच जण तासन् तास पोहत किनाऱ्याला लागले, तिघे गेले. बंदीचा निम्मा अर्थ माशांसाठी असला, तरी उरलेला निम्मा माणसांसाठी आहे.

दंडाने जे होत नाही ते कधी भरपाईने होतं. डिसेंबर २०१८पासून मत्स्य विभाग आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाची एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि तो सोडवायला कोळ्याने जाळं कापलं, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये मिळतात. अट एवढीच की फोटो किंवा चित्रीकरण हवं. आधी काय व्हायचं? व्हेल शार्क २००१पासून संरक्षित. तो जाळ्यात सापडलाय हे सांगायलाच माणूस घाबरायचा. आता तोच मोबाईल काढतो. सरकारने समुद्रावर जे काही खर्च केलं, त्यात इतक्या कमी पैशात इतकी नजर दुसऱ्या कशातूनही विकत मिळालेली नाही.

किनाऱ्यावर कासवांचं तेच. सह्याद्री निसर्गमित्रने २००२मध्ये शेजारच्या वेळासला सुरू केलेलं काम हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरला पोचलं. ऑलिव्ह रिडलेची अंडी उचलून कुंपणात पुरायची, पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडायची. राखणारे गावचेच.

तिवरांची, म्हणजे कांदळवनांची, गोष्ट इतकी गोड नाही. कांदळवन कक्ष २०१२मध्ये स्थापन झाला. राज्याचं कांदळवन वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात ३२४ चौरस किलोमीटर, आणि त्यात मोठा वाटा रायगडचा. १७ सप्टेंबर २०१८ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भंग असं ठरवलं, भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला. तरी उरणला बंदर, रस्ते आणि भराव यांचा रेटा असा आहे की, तिवर कुऱ्हाडीने तोडावंही लागत नाही. भरतीचं पाणी अडवलं की ते उभ्या उभ्या वाळतं. पंचनाम्यात लिहायचं काय? बुंध्यावर घावच नसतो. २०१५मध्ये हरित न्यायाधिकरणाने जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोला उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींची भरपाई द्यायला सांगितलं. ही लढाई कुठल्या खात्याने नव्हे, पारंपरिक मच्छीमारांनी न्यायाधिकरणात नेली होती.

सगळी खाती मोडून एकच गणवेश करावा, अशी मागणी अधूनमधून होते. ती आकर्षक आहे, पण आज तरी शक्यतेच्या बाहेर दिसते. त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल. मांडवा, रेवदंडा, दिघी, श्रीवर्धन इथे पोलीस, मत्स्य आणि कांदळवन कक्ष यांनी एकाच बोटीवर, एकाच वेळी गस्त घालावी. दिवेवाला पकडला तर मत्स्यवाला दंड करील, कासव सापडलं तर वनवाला पंचनामा करील, बोट बुडत असेल तर पोलीस आहेच. डिझेल एकदाच जळेल. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याखाली झडती-जप्तीचा अधिकार तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांनाही दिला आहे. तोच धागा पुढे नेऊन तो मत्स्य अधिकाऱ्यांपर्यंतही न्यायला हवा.

तोवर सुट्टीत अलिबाग-मुरुडला जाणाऱ्यांनी हे क्रमांक मोबाईलमध्ये ठेवावेत. संशयास्पद बोट किंवा जादा भरलेली लाँच दिसली तर सागरी पोलीस, १०९३. समुद्रात कुणी बुडत असेल तर तटरक्षक दल, १५५४. वाळूत कासव, डॉल्फिन किंवा देवमासा लागलेला दिसला तर वनखातं, १९२६. आणि फोन लागेपर्यंत जवळच्या कोळीवाड्यात हाक द्यावी.