लिन चुंगची चित्रकथा

चित्रकथा म्हणजे केवळ करमणुकीचे साधन, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मोठमोठ्या ग्रंथांतील कथा सामान्य जनांच्या घरी पोचविण्याचे कार्यही चित्रकथांनी केले आहे. चीन देशातील 'शुईहू' या ग्रंथावरील चित्रकथा हे याचे उत्तम उदाहरण होय.

'शुईहू' म्हणजे पाण्याचा काठ. हा ग्रंथ चौदाव्या शतकातील शी नाय-आन याने रचला, असे परंपरा सांगते. पाणथळ प्रदेशाने वेढलेल्या लियांगशान नावाच्या डोंगरावर आश्रय घेणाऱ्या १०८ बंडखोरांची ही कथा आहे. बाराव्या शतकाच्या आरंभी सुंग चियांग नावाच्या पुढाऱ्याने खरोखरच बंड केले होते. इतिहासाच्या त्या लहानशा बीजातून कल्पनेचा हा वृक्ष वाढला. त्यात तलवारीच्या जोडीला मंत्रविद्याही आहे. एका उद्धट अधिकाऱ्याच्या हट्टामुळे मंदिरात कोंडलेले १०८ दैत्यात्मे मुक्त होतात आणि पुढे तेच वीरांच्या रूपाने जन्म घेतात. त्या वीरांपैकी गोंगसुन शेंग हा तर मंत्रबळाने वादळ उठवितो.

या वीरांमध्ये लिन चुंगची कथा सर्वांत हृदयद्रावक आहे. लिन चुंग हा राजधानीतील सैन्याला शस्त्रविद्या शिकविणारा निष्ठावंत शिक्षक. त्याच्या साध्वी पत्नीवर सेनापतीच्या दत्तक पुत्राची वाईट नजर पडली आणि त्याच्या संसाराला दृष्ट लागली. तलवार दाखविण्याच्या निमित्ताने त्याला सेनापतीच्या सभागृहात बोलावण्यात आले. तेथे शस्त्र घेऊन जाण्यास मनाई होती. सेनापतीचा घात करण्यास आल्याचा खोटा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याच्या मुखावर गुन्हेगाराची खूण गोंदवून त्याला दूरच्या प्रांतात हद्दपार करण्यात आले. हे सर्व त्याने मुकाट्याने सोसले. कायद्यावर आणि राज्यावर त्याची अजून श्रद्धा होती.

हद्दपारीत त्याच्याकडे गवताच्या कोठाराची राखण आली. एका रात्री बर्फाच्या भाराने त्याची झोपडी कोसळली, म्हणून तो जवळच्या जुन्या मंदिरात निजावयास गेला. इतक्यात कोठार पेटले. लिन चुंग आत जळून मेला, असे समजून शत्रूचे हस्तक मंदिराच्या दाराबाहेर हसत बोलत होते. ते शब्द ऐकताच त्याचा संयम सुटला. त्यांना ठार करून तो लियांगशानच्या वाटेला लागला. तेथे लुटारूंच्या संगतीत त्याला आसरा मिळाला. परंतु पत्नीला आणण्यासाठी त्याने माणसे पाठविली, तेव्हा ती केव्हाच मरण पावल्याची वार्ता आली. तो शूर पुरुष ढसढसा रडला.

ही कथा चित्रकारांना फार भावली. जपानमध्ये उतागावा कुनियोशी याने १८२७ च्या सुमारास या वीरांची रंगीत ठसाचित्रे काढली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. पुढे १९२० नंतरच्या दशकात शांघाय शहरात तळहाताएवढ्या चित्रपुस्तिका निघू लागल्या. प्रत्येक पानावर एक चित्र आणि त्याखाली थोडा मजकूर, अशी त्यांची रचना असे. त्यांना 'साखळीने जोडलेली चित्रे' या अर्थाचे नाव पडले. रस्त्याकडेच्या दुकानांत अल्प भाड्याने त्या वाचावयास मिळत. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यांनाही केवळ चित्रे पाहून कथेचा आनंद लुटता येई. पांढरे शुभ्र बर्फ, खांद्यावर भाला, भाल्याला अडकविलेला तुंबा आणि एकटा चालणारा लिन चुंग, हे चित्र पाहताच त्याच्या मनातील दुःख न सांगता कळते.

या कथेत लुटारूपणाची थोरवी गायिलेली नाही. बंडखोरांच्या हातून निरपराध माणसेही मारली जातात, हे ग्रंथकार लपवीत नाही. लिन चुंगला शौर्याने कीर्ती मिळाली. परंतु तलवारीने त्याचे घर परत मिळाले नाही. तथापि सज्जनाला या मार्गावर कोणी ढकलले, हा प्रश्न कथा ठामपणे विचारते. राज्यकर्त्यांना तो झोंबला असला पाहिजे. १६४२ मध्ये मिंग दरबाराने या ग्रंथावर बंदी घातली होती. बंदी घालणारा तो दरबार दोनच वर्षांत लयास गेला; ग्रंथ मात्र टिकला.

निरुपायाने एखाद्याला टोकाचे पाऊल उचलावे लागले, तर चिनी भाषेत आजही 'त्याला लियांगशानवर चढणे भाग पडले' असे म्हणतात. जेथे न्यायाचे दार बंद होते, तेथे डोंगराची वाट उघडते, हेच या छोट्याशा वाक्प्रचाराचे मर्म आहे.