अंगठ्याला खुपेल तेवढंच दुरुस्त करा

गिटार विकत घेताना माणूस तिचं पोट बघतो, तारा छेडून आवाज ऐकतो, चाव्या फिरवून बघतो. दांडीची, म्हणजे वादकांच्या भाषेत नेकची, मागची बाजू मात्र क्वचितच कुणी बघतं. खरं तर वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा सगळा वेळ तिथंच असतो. गिटारच्या पोटावर ओरखडा उठला तर तो डोळ्यांना दिसतो, आपण हळहळतो. पण वाजवण्यात त्यानं काही फरक पडत नाही. दांडीवरचं पॉलिश तांदळाच्या दाण्याएवढं जरी उडालं, तरी अंगठा दर वेळी तिथं अडखळतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या गिटारी मोठ्या भावंडांकडून किंवा ओळखीतून आलेल्या असतात. एक मुलगी पहिल्या फ्रेटवरून पाचव्या फ्रेटवर जाताना नेमकी तिसऱ्यापाशी थबकायची. आपलाच हात जड आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. "सर, मला नाही जमणार हे," असंही एकदा म्हणाली. मी गिटार पालथी केली आणि दांडीवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या फ्रेटच्या मागं पॉलिशचा टवका उडाला होता आणि त्याची कड चांगलीच धारदार होती. दोन दिवसांत ती गिटार तिला परत मिळाली आणि हात सरळ जाऊ लागला. अशी दुरुस्ती घरी कशी करता येते आणि कुठं थांबावं, तेच आज सांगणार आहे.

आधी तपासणी. डोळे मिटून अंगठा दांडीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवा. जिथं खुपेल तिथं पेन्सिलीनं हलकी खूण करा. नुसता ओरखडा दिसतो पण नख अडकत नाही, तर तो पॉलिशच्या वरच्या थरातच आहे. खळगा लागतो पण पॉलिश अखंड आहे, तर लाकूड दबलं आहे. कड टोचते आणि आत फिकं लाकूड दिसतं, तर टवका उडाला आहे. दांडी जिथं चाव्यांच्या पाटीला मिळते, तिथली बारीक रेघ मात्र वेगळी. पाटी हलकेच दाबल्यावर ती रेघ उघडत असेल, तर लाकडालाच तडा गेला आहे. पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून सुमारे ७० किलोचा ताण असतो. तारा लगेच सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या.

दुसरा प्रश्न, पॉलिश कोणतं आहे? गिटारवर प्रामुख्यानं तीन प्रकार सापडतात. जुन्या पद्धतीच्या क्लासिकल गिटारवर लाखेचं पॉलिश असतं. आपल्याकडचे सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात, तेच हे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची ही लाख. आपल्या आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही तिच्याच बनत. १९२० च्या दशकात मोटारींसाठी लवकर सुकणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं आणि तेच पुढं गिटारवरही चढलं. आज कारखान्यात बनणाऱ्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर असतो.

ओळखायचं कसं? चावीच्या पत्र्याखाली, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं कापसाच्या काडीनं स्पिरिटचा अगदी लहान थेंब लावा. चिकट झालं तर लाख. झालं नाही, तर थिनरचा थेंब लावा. आता मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. हे कळणं महत्त्वाचं, कारण लाख आणि लॅकर यांचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. कडक थर तसा विरघळत नाही, त्यामुळं तिथला खड्डा भरूनच काढावा लागतो.

भरायला पातळ सुपरग्लू चालतो, फेविक्विकच्या जातीचा. तारा सैल करून गिटार पालथी ठेवा, दांडीखाली टॉवेलची घडी द्या. जागा पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. टूथपिकच्या टोकानं थेंब सोडा, वाळू द्या, मग दुसरा. भराव आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आला की रात्रभर हात लावू नका. खिडकी उघडी असू द्या आणि तोंड लांब ठेवा. सांडलेला सुपरग्लू सुती फडक्यानं कधीही टिपू नका. सुताशी गाठ पडली की तो इतका तापतो की बोट भाजतं.

दुसऱ्या दिवशी दाढीचं पातं घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा आणि मध्ये पाव इंच धार मोकळी ठेवा. टेपच्या जाडीमुळं पातं चांगल्या पॉलिशला लागत नाही, फक्त वर आलेला भराव खरवडतं. पात्याची धार दांडीच्या लांबीला समांतर धरा. दांडी आडवी गोल आहे. पातं आडवं धरलं, तर मधली धार थेट चांगल्या पॉलिशमध्ये घुसेल. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेला वॉटर पेपर, आधी १०००, मग १५००, मग २००० नंबरचा. उघड्या लाकडाला मात्र पाणी लागू देऊ नका. दांडी चकचकीत असेल तर शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. मॅट असेल तर कंपाउंड न लावता तिथंच थांबा. रंगाचा फिका ठिपका राहील, तो राहू द्या. अंगठ्याला रंग कळत नाही.

लाख किंवा लॅकर असेल, तर त्याच द्रव्याचे पातळ हात बारीक कुंचल्यानं द्यायचे. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नका. स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, माठातलं पाणी गार होतं तसाच, आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते. पॉलिश पांढुरकं पडतं. कोकणात जुलैत केलेलं काम म्हणूनच बिघडतं. लॅकरची गिटार असेल, तर तिच्या स्टँडवरचं रबरही बघा. काही प्रकारचं रबर महिनोन् महिने टेकून राहिलं की लॅकर मऊ होऊन चिकटतं. त्यावर सुती कापड गुंडाळलं की झालं.

आणि काही ठिकाणी हातच लावू नये. जुन्या, नामांकित गिटारचं पॉलिश पूर्ण काढून नवं चढवलं, तर तिची किंमत बरीच उतरते. आयरिश वादक रॉरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या गिटारचा रंग घासून घासून जवळजवळ उडाला होता. तीच गिटार ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला लिलावात विकली गेली. वर्षानुवर्षांच्या हातानं गुळगुळीत झालेलं लाकूड अंगठ्याला आवडतं. त्याला खुपते ती धारदार कड.

म्हणून घरातली गिटार आज एकदा पालथी करून बघा, विशेषतः ती लहान मुलाच्या हातात असेल तर. मूल कंटाळलं, त्याला गती नाही, असं म्हणण्याआधी दांडीवरून अंगठा फिरवून बघायला एक मिनिट पुरतं.