एका सरकीतली दोन घराणी

जिंतूर तालुक्यात आज कापूस म्हटलं की बीटी संकरित वाणच डोळ्यांपुढे येतो. मोठं बोंड, लांब धागा, दरवर्षी नवी बॅग. माझ्या आजीच्या घरात मात्र दोन कापूस वेगळे ठेवलेले असत. विकायचा तो अमेरिकन. वातीला, गादीला आणि बाळंतिणीच्या उशाला लागायचा तो गावरानी. त्याचं बोंड लहान, सरकी बारीक, पण रुई पाणी चटकन शोषणारी. आजी म्हणायची, हे दोन्ही नात्यातलेच आहेत, फक्त बोलणं नाही एकमेकांशी. ती हे कशावरून म्हणायची कुणास ठाऊक. शास्त्राला मात्र हे नातं सिद्ध करायला जवळजवळ सगळं विसावं शतक लागलं.

मी इथे अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा आला की पुस्तकातले जिराफ आणि दूरच्या बेटांवरचे पक्षी पोरं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून मी वर्गात सरकी नेते. मुठीतल्या सरकीत उत्क्रांतीची जेवढी गोष्ट आहे, तेवढी कुठल्याच जिराफात नाही, असं माझं ठाम मत आहे.

गावरानी कापसाच्या प्रत्येक पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. दोघांचा संकर केला तर परागातून आणि बीजांडातून निम्मी निम्मी, म्हणजे १३ आणि २६, अशी ३९ गुणसूत्रं एकत्र येतात. त्यांच्या जोड्या नीट लागत नाहीत आणि असं झाड वांझ निघतं. एका बांधाच्या दोन बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या उभे राहूनही हे दोन कापूस एक झाले नाहीत, ते यामुळे. आजीचं ‘बोलणं नाही’ ते हेच.

पण ५२ हा आकडा आला कुठून? १९३०च्या दशकात अभ्यासकांना दिसलं की अमेरिकन कापसाची २६ गुणसूत्रं आकाराने मोठी आहेत आणि २६ लहान. मोठी आपल्याकडच्या कापसासारखी, लहान अमेरिकेतल्या रानटी कापसासारखी. म्हणजे एकाच सरकीत दोन घराणी नांदत होती. १९४० साली बीस्ली या अमेरिकन संशोधकाने याचा पुरावाच उभा केला. त्याने आशियातल्या गावरानी जातीचा अमेरिकेतल्या रानटी जातीशी संकर केला आणि कोल्चिसीन हे औषध वापरून त्या वांझ रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली. ५२ गुणसूत्रांचं झाड तयार झालं आणि ते अमेरिकन कापसाशी जुळलं. निसर्गात लाखो वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट माणसाने कुंडीत पुन्हा घडवून दाखवली.

निसर्गात ती घडली साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी. खंड तर त्याच्या कितीतरी आधी एकमेकांपासून दूर गेले होते, आणि माणूस अजून शेती करत नव्हता. मग जुन्या जगातला कापूस अमेरिकेत पोचला कसा? समुद्रातून, असंच मानावं लागतं. कापसाच्या काही जातींचं बी खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ राहूनही उगवतं, हे प्रयोगांनी दिसलेलं आहे. १९८९ साली जोनाथन वेंडेल यांनी हरितद्रव्याच्या कणांतला डीएनए तपासला. कापसात हा डीएनए फक्त आईकडून येतो. अमेरिकन कापसात तो जुन्या जगातल्या कापसाचा निघाला. म्हणजे वाहून गेलेलं बी आई झालं आणि पराग तिथल्या रानटी झाडाचा होता. हे सांगताना माझा आवाज वर्गात दरवेळी चढतो. परक्या देशाचं म्हणून ज्या कापसाकडे आपण बघतो, त्याची आजोळची बाजू आपल्याकडची आहे.

गावरानी ही थेट आई मात्र नव्हे. पुढे अख्खे जनुकसंच वाचून झाले. २०१२ साली अमेरिकन रानटी जातीचा, २०१४ साली गावरानीचा, २०१५ साली अमेरिकन कापसाचा. २०२० साली हे सगळं पुन्हा शेजारी ठेवून पाहिल्यावर संशोधकांनी असं मांडलं की ती आई आता नामशेष झालेली आहे. आपला गावरानी आणि आफ्रिकेकडून आलेली त्याची भावंड जात या तिच्या वंशातल्या मावश्या म्हणाव्यात.

या वाचनातून निघालेली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गावरानीचा जनुकसंच साधारण १७० कोटी अक्षरांचा आहे आणि त्या रानटी जातीचा ९० कोटींहून कमी. जनुकांची संख्या मात्र दोघांत जवळपास सारखी. उरलेला फरक कशाचा? डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे जाऊन बसतात. गावरानीत असे तुकडे निम्म्याहून बरेच जास्त आहेत. दुसरं नवल धाग्याचं. त्या रानटी झाडाला कातता येईल असा धागाच नाही. तरीही अमेरिकन कापसाच्या धाग्याची प्रत ठरवणारे बरेच भाग त्याच बिनधाग्याच्या घराण्याकडून आलेल्या गुणसूत्रांवर सापडले. १९९८ साली हे प्रसिद्ध झालं. दोन घराणी एकत्र आल्यावरच जी वाट मोकळी झाली, ती एकट्या कुणाला सापडली नसती.

आपल्या भागातल्या माणसाने गावरानीला किती जुन्या काळापासून सांभाळलं आहे, हेही इथे सांगायला हवं. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा तिथल्या ताम्रपाषाण वस्तीत एका लहान मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी सापडले. ते ज्या दोऱ्यात ओवले होते त्यात कापूस होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा दोरा. त्याही आधी मोहेंजोदडोच्या कापडाचे धागे तपासले गेले ते मुंबईत माटुंग्याला, कापसाच्या प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी यांनी १९२८ साली तो अहवाल दिला. कापसाच्या इतिहासाचं हे काम महाराष्ट्रात झालं, हे आमच्या पोरांना कुणी सांगत नाही.

१९४७ साली देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचं होतं. आज ते नावापुरतं उरलं आहे. परभणी-नांदेडचा गावरानी एकेकाळी निजामाच्या राज्यात धाग्यासाठी नावाजलेला होता. पुढे नांदेडच्या केंद्राचा एनएचएच ४४ हा अमेरिकन संकरित वाण आला आणि माझ्या वडिलांनी तोच लावला. मला त्याची तक्रार नाही. त्या वाणाच्या पैशांवर आम्ही भावंडं शिकलो. २००२ साली बीटी आला, २००६ साली दोन जनुकांचा बीटी आला आणि हिरवी बोंडअळी खरोखर हटली.

मग २०१७ आलं. बोरीकडच्या शेतातून भावाने फोन केला, “ताई, निम्म्या फुलांच्या डोमकळ्या झाल्यात. बॅगवर तर लिहिलंय अळी येत नाही म्हणून.” मी गेले. फुलं मिटून गुलाबकळीसारखी झालेली, बोंड फोडलं की आत सरकी पोखरणारी शेंदरी अळी, वेचायला कवडी. पाठ्यपुस्तकात ज्याला नैसर्गिक निवड म्हणतात ती आमच्या शेतात आमच्या खर्चाने चालली होती.

बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि आतडं फुटतं. हजारो अळ्यांत एखादीचं हे जनुक आधीच बिघडलेलं असतं. तिच्यात विषाला चिकटायला जागाच नसते. गुजरातमधलं आणंद आणि मध्य प्रदेशातलं खांडवा इथून गोळा केलेल्या अळ्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हे जनुक एकाच नव्हे तर अनेक वेगवेगळ्या प्रकारांनी मोडलेलं आढळलं. म्हणजे अळीला सुटायचा रस्ता अनेकदा, स्वतंत्रपणे सापडला होता.

तो रस्ता अडवायचा उपाय बॅगेतच होता. ४५० ग्रॅम बीटी सरकीबरोबर १२० ग्रॅम बिनबीटी सरकीची पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने लावायची. तिच्यावर वाढलेले साधे पतंग त्या एखाद्या चिवट पतंगाशी जुळले, की पिल्लांत बिघडलेलं जनुक एकाच बाजूने येतं आणि विष त्यांना मारतं. अॅरिझोनात शेतकऱ्यांनी हे वर्षानुवर्षं पाळलं, नंतर नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ साली अमेरिका शेंदरी बोंडअळीतून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात तर शेतकरी संकरित कापसाचं दुसऱ्या पिढीचं बी पेरत. त्यात चतुर्थांश झाडं आपोआप बिनबीटी निघत. पुडीची गरजच पडली नाही.

आमच्याकडे पुडी बांधावर फेकली जायची. मी शेतकऱ्याला दोष देणार नाही. चार एकरवाल्याने कडेच्या ओळी अळीला का द्याव्यात, हे त्याला कुणी बसून समजावलं नाही. पुडीवरचा कागद वाचून जनुकांचं गणित कळत नसतं. त्यात आमचे संकरित वाण लांब मुदतीचे, आणि वर फरदड. पाणी असलं की फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी. अळीला बारमाही घर मिळालं. म्हणून मी पोरांना दोन कामं लावते. एक, घरच्या शेतात कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ आठ पतंग आले की घरी सांगायचं. दुसरं, डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटायला घरी भांडायचं. हे दुसरं जास्त अवघड आहे.

गावरानीचं काय, हे सगळे विचारतात. बोंडअळी त्यालाही लागते, हे आधी सांगते. पण रस शोषणारे किडे त्याला कमी त्रास देतात, पावसाचा खंड तो सोसतो, हलक्या रानात तग धरतो, आणि बी घरचं ठेवता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात महेबूब बाग केंद्रावर या जातीचं काम कधी थांबलं नाही. परभणी तुराब, विनायक असे वाण तिथून आले, ज्यांचा धागा जुन्या गावरानीपेक्षा बराच लांब आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत देशी जातींचं बी जपून ठेवलं आहे. उद्याच्या रोगाला, उद्याच्या दुष्काळाला लागणारं जनुक कुठल्या वाणात आहे हे आज सांगता येत नाही, म्हणून सगळेच जपावे लागतात.

गेल्या हंगामात भावाने मुरमाड तुकड्यावर गावरानी लावला. फवारणी कमी लागली. अडचण आली ती वेचणीला. बोंड लहान, कापूस लवकर गळतो, सारखं रानात जावं लागतं, आणि मजुरी किलोवर. बायका म्हणाल्या, “दादा, दिवसभर वेचून पदर भरंना, आम्हाला रोजानं द्या.” त्याने रोजाने दिले. मग विक्री. व्यापाऱ्याने धागा न मोजता आखूड धाग्याचा भाव लावला आणि अमेरिकनच्या ढिगातच ओतला. लांब धाग्याचा देशी कापूस वेगळा मोजणारं, वेगळा गाठी बांधणारं जिनिंग तालुक्यात निघालं, तर भाऊ पुढच्या वर्षी तुकडा वाढवायला तयार आहे. आजूबाजूच्या आणखी काहींनी त्याच्याकडे बी मागितलं आहे.